अभ्यासिकेत एकाला टीबी निघाला. बाकीच्यांना धोका किती, हे मोजता येतं का?

सातरस्ता

नमस्कार मंडळी. मुलगा जुळे सोलापुरात एका अभ्यासिकेत बसतो, राज्यसेवेची तयारी चालू आहे. सकाळी डबा घेऊन जातो तो थेट संध्याकाळी येतो. तिथल्या एका मुलाला फुप्फुसाचा टीबी निघालाय. नाव विचारू नका, सांगणार नाही. अभ्यासिकेचंही नाही.

मालकांनी त्या मुलाची खुर्ची गच्चीवर नेऊन टाकली, सगळीकडे फिनेल मारलं, टेबलं सॅनिटायझरने पुसली आणि ग्रुपवर मेसेज टाकला, "संपूर्ण निर्जंतुकीकरण केले आहे, निर्धास्त यावे."

खोली अशी: कॉम्प्लेक्सचा दुसरा मजला, साधारण २० बाय ३० फूट, उंची १०. रस्त्याच्या बाजूला पूर्ण काच, ती उघडत नाही. मागे एक खिडकी आहे, पण तिच्यावर वेळापत्रकाचा फळा ठोकलाय. दोन स्प्लिट एसी. चाळीस मुलं, प्रत्येकाला प्लायवूडचा कप्पा.

बायको म्हणते घरी बसव. घरी बसवलं की अभ्यास होत नाही हे तिलाही माहीत आहे. मला घाबरवणारे प्रतिसाद नकोत आणि "काही होत नाही ओ" असलेही नकोत. अशा खोलीतला धोका किती आहे हे ठरवायची काही रीत आहे का?

शेंगाचटणी

फिनेलने टीबी जात असता तर एसटी स्टँडच्या मुतारीला सॅनिटोरियमचा दर्जा द्यावा लागला असता.

फुप्फुसवाला

छातीचे आजार हाच माझा धंदा, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट: ती खुर्ची गच्चीवरून खाली आणायला सांगा. टीबी खुर्चीतून, टेबलातून, डब्यातून, हात मिळवल्यातून पसरत नाही. रुग्ण खोकतो, बोलतो, गातो तेव्हा जे बारीक कण बाहेर पडतात, त्यातले मोठे खाली पडतात आणि बारीक हवेतच सुकून तरंगत राहतात. ते श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर गेले तरच लागण होते. फरशी कितीही घासली तरी हवा तीच राहिली, म्हणजे काम झालंच नाही.

हे कळायला वैद्यकशास्त्राला बराच वेळ लागला. अमेरिकेत वेल्स नावाच्या शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात ही तरंगत्या कणांची कल्पना मांडली. ती सिद्ध झाली १९५० च्या दशकाच्या शेवटी, बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात. टीबीच्या वॉर्डातली हवा नळातून वरच्या मजल्यावर नेली आणि तिथे गिनीपिग ठेवले. त्यांचा रुग्णांशी काही संबंध नाही, फक्त हवा तीच. गिनीपिगना टीबी झाला. रायली नावाच्या डॉक्टरांचं हे काम. पुढे त्यावरूनच धोका काढायचं समीकरण आलं, त्याला वेल्स-रायली म्हणतात.

आता तुमच्या मुलाचं. लागण आणि आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लागण झालेल्यांपैकी साधारण ५ ते १० टक्के लोकांना आयुष्यभरात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो, आणि त्यातला मोठा वाटा पहिल्या दोन वर्षांतला. मधुमेह, कुपोषण, एचआयव्ही असेल तर हा आकडा वाढतो. म्हणून जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात जाऊन "संपर्कातली व्यक्ती" म्हणून नाव नोंदवा. लक्षणं विचारतील, एक्स-रे काढतील, गरज असेल तर प्रतिबंधक उपचार देतील. तपासणी, औषध सगळं मोफत आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं यातलं काही असेल तर आजच जा.

आणि त्या मुलावर उपचार सुरू झालेत ना? योग्य औषध लागू पडलं की संसर्ग पसरवायची ताकद झपाट्याने कमी होते. धोका उपचाराच्या आधीच्या काळाचा आहे. तो बरा होऊन परत येईल तेव्हा त्याला नीट बसू द्या.

नस्ती_उठाठेव

आमच्या काळी एका खोलीत साठ पोरं बसायची, कुणी हवा मोजत नव्हतं. सगळे जिवंत आहोत.

गणिताच्या_बाई

> सगळे जिवंत आहोत

जे नाहीत ते इथे प्रतिसाद द्यायला कसे येतील?

सातरस्ता, तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: हो, मोजता येतं. अगदी तंतोतंत नाही, पण "फार", "मध्यम", "किरकोळ" एवढं नक्की कळतं. त्यासाठी पाच गोष्टी लागतात. खोलीत संसर्ग पसरवणारे किती, ते तासाला किती "डोस" (एकाला लागण व्हायला साधारण पुरतील एवढे कण म्हणजे एक डोस) हवेत सोडतात, बाकीचे किती हवा आत घेतात, किती तास बसतात, आणि ताजी हवा किती येते. पहिल्या चार वर, भागिले ताजी हवा. समीकरणाचा गाभा एवढाच.

यातली "डोस" ही गोष्ट आपल्याला माहीत नसते, ती माणसागणिक बदलते. ताजी हवा मात्र मोजता येते, आणि ती मोजायला वीस बाय तीसच्या खोलीत फार मोठं यंत्र लागत नाही. कार्बन डायऑक्साइडचा मीटर पुरतो. बाहेरच्या हवेत तो साधारण ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग असतो. आपण श्वास सोडतो त्यात ३८ ते ४० हजार. म्हणजे खोलीतला आकडा ४२० च्या जेवढा वर, तेवढी इतरांनी वापरून टाकलेली हवा तुम्ही घेताय.

शाळेचा मीटर माझ्याकडे आहे. हवा असेल तर द्यायला तयार आहे, मुलाकडे देऊन दिवसभर ठेवा. एसीच्या झोताखाली किंवा अगदी तोंडासमोर ठेवू नका, कप्प्याच्या वरच्या कडेवर ठेवा.

थंड_हवा

एसीच्या धंद्यात आहे म्हणून एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, कारण निम्म्या गिऱ्हाइकांचा हाच समज असतो. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. बाहेरच्या युनिटकडे जो पाइप जातो त्यात गॅस असतो, हवा नसते. खोलीतलीच हवा तो ओढतो, गार करतो आणि परत सोडतो. त्याची जाळी मोठी धूळ अडवते, जंतूंचे कण अडवत नाही. विंडो एसीला बारीक झडप असते, पण ती सगळे बंदच ठेवतात.

पंख्याचंही तेच. पंखा हवा फिरवतो, बदलत नाही.

काच लावलेलं कॉम्प्लेक्स, आत स्प्लिट, आणि "थंडी जाते" म्हणून दाराला क्लोजर. सोलापुरात गेल्या काही वर्षांत क्लास, अभ्यासिका, दवाखान्याची वेटिंग रूम, सगळं असंच बांधलं जातंय. नकाशात ताज्या हवेची ओळच नसते.

सातरस्ता

बाई, मीटर घेऊन गेलो होतो, मुलाने ठेवला. सकाळी दार उघडलं तेव्हा ४६०. अकरापर्यंत १९०० च्या वर. दुपारी डबे खायला पोरं बाहेर गेली तेव्हा थोडा उतरला. संध्याकाळी २८०० च्या आसपास बराच वेळ स्थिर होता. हे वाईट आहे का?

गणिताच्या_बाई

वाईट आहे. आता हिशेब मांडते, कंटाळा आला तर शेवटचे दोन परिच्छेद वाचा.

बसून वाचणारा माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. आकडा २८०० वर स्थिरावला म्हणजे जेवढा तयार होतोय तेवढाच बाहेर जातोय. बाहेरचे ४२० वजा केले की उरले २३८०. १८ लिटरला या प्रमाणाने भागलं की माणशी तासाला साडेसात घनमीटर, म्हणजे सेकंदाला दोन लिटरच्या किंचित वर ताजी हवा मिळतेय. घरं, शाळा, कचेऱ्या अशा जागांसाठी जागतिक आरोग्य संघटना सेकंदाला माणशी १० लिटर सांगते. तुमच्याकडे त्याचा पाचवा हिस्सा.

खोलीचं आकारमान १७० घनमीटर. चाळीस जणांची मिळून तासाला ३०० घनमीटर हवा. म्हणजे तासाला पावणेदोन वेळा हवा बदलते, तीही दार उघडझाप होते म्हणून. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०२३ मध्ये किमान पाच वेळा हे लक्ष्य दिलंय. आणि २३८० ला ३८,००० ने भागा: सहा टक्के. संध्याकाळी त्या खोलीतला प्रत्येक सोळावा श्वास दुसऱ्या कुणाच्या तरी छातीतून आलेला असतो.

आता टीबी. बाल्टिमोरच्या त्या वॉर्डात रुग्ण सरासरी तासाला १.२५ डोस सोडत होते असं निघालं होतं. यातले बरेच जण उपचारावर होते. उपचार न झालेला, खूप खोकणारा रुग्ण याच्या अनेक पट सोडू शकतो. पण आपण १.२५ च धरू. बसलेला माणूस तासाला अर्धा घनमीटर हवा आत घेतो. दिवसाचे आठ तास, महिन्याचे पंचवीस दिवस. ताजी हवा ३०० धरली तर भागाकार येतो माणशी ०.४२ डोस. काहींच्या वाट्याला एकाहून जास्त डोस येतात, ते धरून प्रत्येकाला लागण व्हायची शक्यता निघते ३४ टक्के. हवा माणशी १० लिटर, म्हणजे एकूण १४४० घनमीटर केली तर तीच शक्यता ८ टक्के.

बाकीच्या ३९ जणांत याचा अर्थ तेरा विरुद्ध तीन. मुलं तीच, तो मुलगा तोच, फक्त हवा वेगळी.

हे भाकीत नाही. समीकरण असं गृहीत धरतं की हवा खोलीभर सारखी मिसळते. शेजारच्या कप्प्यातल्याला धोका जास्त, टोकाच्याला कमी. पण फळा काढून खिडकी उघडायची की नाही, याचा निर्णय घ्यायला एवढा हिशेब भरपूर झाला.

शेंगाचटणी

तेराचे तीन. बाईंनी तीन-तेरा वाजवले मालकाचे.

फुप्फुसवाला

बाईंचा हिशेब बरोबर आहे. आकडा फार वाटत असेल त्यांच्यासाठी: १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एका कार्यालयातलं प्रकरण प्रसिद्ध झालं. एका कर्मचाऱ्याला टीबी, साधारण महिनाभराचा संपर्क, ६७ सहकाऱ्यांपैकी २७ जणांना लागण. इमारतीत हवेची व्यवस्था होती, पण बेताची. तिथल्या रुग्णाचा डोस तासाला तेराच्या आसपास निघाला, म्हणजे बाईंनी धरलेल्याच्या दहा पट.

उलट बाजूही सांगतो. प्रत्येक रोगाला हवा बदलून उपाय होत नाही. गोवर घ्या. १९७४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका शाळेत एका मुलीकडून पहिल्याच फेरीत २८ मुलांना गोवर झाला, आणि ती मुलं चौदा वेगवेगळ्या वर्गांतली होती! हवा यंत्रातून फिरून सगळ्या वर्गांत जात होती. तिचा डोस तासाला ५,४०० च्या वर निघाला. असल्या रोगापुढे खिडकी काय करणार? तिथे लसच हवी. हवा बदलण्याचा खरा फायदा डोस इतका प्रचंड नसलेल्या रोगांत: टीबी, फ्लू, कोविड.

पूर्वभाग

डॉक्टर, आमच्या कारखान्याचं पण सांगा की ओ. टॉवेलचे माग हायत, साखर पेठेच्या मागं. खिडक्या आहेत पण उघडत नाही, कारण वारं आलं की सूत कोरडं पडतंय आणि कोरडं सूत तुटतंय. दमट हवा लागती मागाला. त्यात सुताची धूळ. उघडली तर माल खराब, बंद ठेवली तर माणसं.

आणि बारा महिने खोकला असतोयच कामगाराला. कोणता धुळीचा न कोणता टीबीचा, कळणार कसं बे?

फुप्फुसवाला

पूर्वभाग, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. पूर्व भागातून येणारे रुग्ण उशिरा येतात त्याचं मोठं कारण हेच. कापसाच्या धुळीने होणारा बायसिनोसिस नावाचा आजार असतो, त्याची खूण म्हणजे सुटीनंतर कामावर पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते. टीबीचा खोकला सुट्टी बघत नाही. पण ही फक्त अंदाजाची खूण झाली. दोन आठवड्यांवर खोकला गेला की बेडक्याची तपासणी, यात सूट नाही. विडी वळणाऱ्या बायकांचंही तेच, तंबाखूच्या खकाण्यावर खोकला ढकलला जातो.

दुसरी एक गोष्ट तुमच्या कारखान्यात आहे आणि ती कुणी मोजत नाही. मागाच्या खडखडाटात माणसं ओरडून बोलतात. आवाज जितका मोठा तितके तोंडातून कण जास्त, हे २०१९ मध्ये मोजून दाखवलं गेलंय. २०२० च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात गायनवृंदाची अडीच तासांची तालीम झाली. ६१ जण होते, त्यातल्या ५३ जणांना कोविड झाला किंवा झाल्याचा दाट संशय होता. कुणी कुणाला मिठ्या मारल्या नव्हत्या, गात होते. अभ्यासिकेत निदान पोरं गप्प बसतात, हे तिच्या बाजूचं.

थंड_हवा

पूर्वभाग, मागाच्या शेडला वर पत्र्याच्या कण्याशी फिरते व्हेंटिलेटर बसवा, वाऱ्यावर गरगर फिरतात ते. वीज लागत नाही. गरम हवा वर चढते आणि तिथून जाते, सुतावर थेट झोत येत नाही. आत येणारी हवा खालून, ओल्या पॅडमधून घ्या. ओलावाही राहतो. खर्च किती ते शेड बघून सांगेन, पण नवीन मागाच्या मानाने चणेफुटाणे.

माळवद

वय झालंय, टाइप करायला वेळ लागतो.

आमचं बाळिवेशीतलं जुनं घर माळवदाचं. भिंती हातभर जाड, आणि छताला धूर जायला भोक, त्याला सानं म्हणायचो. पावसाळ्यात त्यावर पाटी झाकायची. स्वयंपाकघरात मिरच्या भाजल्या की क्षणभर ठसका, मग सगळा तिखट धूर सान्यातून वर. आता मुलाच्या फ्लॅटमध्ये मिरची भाजली तर दोन खोल्यांपलीकडे पाहुणे शिंकतात आणि तासभर शिंकत राहतात. डॉक्टर म्हणतात ते कण असेच राहत असणार.

फुप्फुसवाला

काका, तुमच्या सान्याच्या बाजूने पुरावाच आहे. पेरू देशात लिमा शहरातल्या रुग्णालयांची हवा मोजली होती, २००७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. १९५० च्या आधीच्या इमारती, उंच छत, मोठ्या समोरासमोर खिडक्या. आणि नंतरच्या, बुटक्या छताच्या, लहान खिडक्यांच्या. त्याशिवाय यंत्राने हवा खेळवलेल्या खोल्या. मग समीकरणाने हिशेब केला: उपचार न झालेल्या टीबी रुग्णांबरोबर २४ तास राहिलं तर किती जणांना लागण होईल? सगळं बंद असताना ९७ टक्के. यंत्राच्या खोल्यांत ३९. नव्या इमारतींत खिडक्या उघडून ३३. जुन्या इमारतींत खिडक्या उघडून ११.

मी शिकलो तेव्हा वॉर्डांच्या खिडक्या माणसाच्या दुप्पट उंचीच्या होत्या, वर काचेची तावदानं दोरीने ओढून उघडायची. नंतर त्याच खिडक्यांत एसी बसवायला प्लायवूड ठोकलेलं पाहिलं. बांधणाऱ्याला जे कळत होतं ते वापरणाऱ्याला कळेनासं झालं, याचं मला आजही वैषम्य वाटतं.

राज्यसेवा_पुन्हा

मी स्वतः अभ्यासिकेत बसतो (सातरस्त्यांच्या मुलाच्या नाही बहुतेक). खरं सांगू का, मे महिन्यात ४३ डिग्रीला खिडकी उघडा म्हणणाऱ्याला आम्ही पोरंच बाहेर काढू. फी देतो ती एसीचीच. दुपारी तीनला डोकं जड होतं, झोप येते, ते आम्ही जेवणावर ढकलत होतो. २८०० चा आकडा वाचून वेगळाच संशय आला.

थंड_हवा

या मुलाचा मुद्दा धरूनच उपाय काढावा लागेल, नाहीतर सगळं कागदावर.

१४४० घनमीटर बाहेरची हवा ४२ अंशांवरून २६ वर आणायची तर अंदाजे पावणेआठ किलोवॉट, म्हणजे सव्वादोन टन जादा एसी. मालक तयार होणार नाही, लाइट बिल बघून आधी त्यालाच खोकला येईल.

पण सोलापूरची हवा उन्हाळ्यात कोरडी. इथे कूलर चालतो, मुंबईत चालत नाही. आणि कूलरची गंमत अशी की तो खिडकीत बाहेरच्या बाजूला बसवला तर पूर्ण ताजी हवाच आत फेकतो. तासाला ३००० घनमीटरचा साधा डक्ट कूलर त्या खोलीत माणशी सेकंदाला वीस लिटर देतो, म्हणजे पाहिजे त्याच्या दुप्पट. एप्रिल-मेमध्ये संसर्गाच्या दृष्टीने खिडकीतला कूलर दोन स्प्लिटपेक्षा कितीतरी सरस.

अट एकच, हवेला बाहेर जायला वाट ठेवायची. समोरचं दार किंवा वरचा झरोका उघडा नसेल तर कूलर नुसता गुरगुरतो आणि खोली चिकट होते. लोक "कूलर काम करत नाही" म्हणून तक्रार करतात, जाऊन बघावं तर सगळी दारं बंद. आणि कूलर खोलीच्या आत ठेवला तर तो एसीसारखाच, तीच हवा फिरवणार.

पावसाळ्यात कूलर उपयोगाचा नाही. तेव्हा बारा इंची एक्झॉस्ट, दाराच्या विरुद्ध भिंतीला, उंचावर. खोक्यावर तासाला किती घनमीटर ते लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात जाळी आणि धूळ धरून निम्मं ते दोन तृतीयांश समजा. दाराखाली फट हवी. चालू केला की उदबत्ती पेटवून दाराच्या फटीशी धरा, तळाशी एकदा, वर एकदा. धूर आत वळला तर हवा आत येतेय. धूर सरळ वर गेला तर पंखा नुसता स्वतःभोवती फिरतोय.

नस्ती_उठाठेव

एअर प्युरिफायर घ्या एक, विषय संपला. एवढं रामायण कशाला?

थंड_हवा

प्युरिफायर चालतो, पण एक पुरत नाही. हेपा फिल्टरचं (अगदी बारीक कण अडवणारी जाळी) बरं यंत्र तासाला ३०० ते ४०० घनमीटर स्वच्छ हवा देतो, तेही सगळ्यात मोठ्या वेगावर. त्या आवाजात पोरं वाचणार नाहीत आणि कमी वेगावर ठेवतील. दोन-तीन लागतील. आणि त्याने कार्बन डायऑक्साइड कमी होत नाही, त्यामुळे मीटर २८०० च दाखवेल. कण अडतात, डोकं जड व्हायचं ते होतंच.

गणिताच्या_बाई

मीटर विकत घेणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण मला व्यनित (खासगी निरोपात) चौघांनी विचारलं. बाजारात अगदी स्वस्तात मिळणारे बरेच मीटर कार्बन डायऑक्साइड मोजतच नाहीत, दुसऱ्याच वाफांवरून आकडा बनवतात. ओळखायची खूण: शेजारी सॅनिटायझरची बाटली उघडा. आकडा उसळला तर तो मीटर परत करा. खरा मीटर "एनडीआयआर" (अवरक्त किरणांनी मोजणाऱ्या) प्रकारचा असतो आणि गच्चीवर नेल्यावर चारशेच्या जवळपास येऊन थांबतो.

रात्री सगळे गेल्यावर दार लावून मीटर आत ठेवलात तर आणखी एक गोष्ट कळते. बाहेरच्या ४२० च्या वरचा जो भाग आहे तो तासाभरात निम्मा झाला, तर बंद खोलीची हवा तासाला ०.७ वेळा बदलते. सदतीस टक्क्यांवर आला तर बरोबर एकदा. यात माणसं किती हा प्रश्नच येत नाही, खोलीचा स्वतःचा स्वभाव कळतो.

ज्यांना गणित नको त्यांच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये एक ऑनलाइन साधन काढलंय, जिनिव्हाजवळच्या सर्न या अणुसंशोधन संस्थेच्या मदतीने. खोलीची लांबी-रुंदी, माणसं, वेळ, खिडक्या भरायच्या, धोका मिळतो. ते कोविडसाठी आहे, त्यामुळे त्यातली टक्केवारी टीबीला लावू नका. पण "खिडकी उघडली तर किती फरक" हे त्यात छान दिसतं.

पूर्वभाग

लग्नाच्या हॉलचं काय? आमच्यात पुढच्या महिन्यात दोन हायत. एसी हॉल, हजार माणूस.

फुप्फुसवाला

हॉलची उंची जास्त आणि वेळ दोन-तीन तास, हे तुमच्या बाजूचं. गर्दी आणि बँडच्या आवाजात ओरडून बोलणं, हे विरुद्ध. टीबीला सहसा दीर्घ सहवास लागतो, त्यामुळे लग्नातून टीबीची भीती कमी, फ्लूची जास्त. खोकणाऱ्या पाहुण्याला मास्क द्या आणि जेवणाची पंगत मंडपात, उघड्यावर घ्या.

राज्यसेवा_पुन्हा

त्या तैवानच्या विद्यापीठाचं मी वाचलं होतं, तेही टीबीचंच ना?

फुप्फुसवाला

हो, बरं आठवण केलीत. तैपेईतल्या एका विद्यापीठात टीबीची साथ आली. वर्गांत कार्बन डायऑक्साइड ३२०० च्या आसपास होता. हवेची व्यवस्था सुधारून तो ६०० च्या आसपास आणला. संपर्कातल्यांची तपासणी, उपचार हेही चालू होतेच, पण त्यांचा वाटा वेगळा काढूनही हवा सुधारल्याने संपर्कातल्यांमधला टीबी ९७ टक्क्यांनी घटल्याचं निघालं. सातरस्ता, तुमचा २८०० आणि त्यांचा ३२०० यात फार अंतर नाही. मालकांना दाखवायला हे एवढं पुरे.

सातरस्ता

मालकांशी बोलणं झालं. एकटा गेलो नाही, चार-पाच पालक मिळून गेलो. आधी म्हणाले, तुम्ही माझी बदनामी करताय. मीटर टेबलावर ठेवला, बाहेर गॅलरीत नेला, परत आत आणला. आकडा चढताना त्यांनीच पाहिला. मग स्वतः उठून फळ्याचे स्क्रू काढायला लागले.

आता स्थिती अशी. फळा दुसऱ्या भिंतीवर गेला, खिडकी उघडली. तिच्या वरच्या भागात एक्झॉस्ट बसलाय, दाराखालची रबरी पट्टी काढलीय. उदबत्ती लावून बघितली, धूर आत वळतो. एक एसी चालू ठेवूनही संध्याकाळचा आकडा १२५० पर्यंत येतोय. आणखी उतरवायचा तर कूलर लागेल, त्याला मालक म्हणतात पाणी कुठून आणू. त्यांचंही चुकत नाही, आपल्याकडे नळाला पाणी रोज येतं कुठे. टँकरचा खर्च वाटून घ्यायचा म्हणून महिन्याला पन्नास रुपये फी वाढवायचं चाललंय, त्यावर पोरांच्या ग्रुपवर महाभारत सुरू आहे.

मुलाचा एक्स-रे साफ आला. आरोग्य केंद्रातल्या ताईंनी अजून एक तपासणी करायला सांगितलीय, त्या तारखेला जातोय. तो आजारी मुलगा औषधावर आहे, वजन वाढतंय म्हणे.

थंड_हवा, एक्झॉस्टची जाळी किती दिवसांनी काढून धुवायची? आत्ताच काळी दिसायला लागलीय.

थंड_हवा

रस्त्याकडची असेल तर पंधरा दिवसांनी. आधी बटण बंद करा, मग हात घाला. आणि कूलर घेतलाच तर टाकी आठवड्याला पूर्ण रिकामी करून घासा, नाहीतर टीबी वाचवून डेंग्यूचे डास पाळाल.